समुद्राची पाळ

गोंदियाहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच. आमगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर दरवर्षी मुलांना दाखवलं. भरती-ओहोटी, सागरी प्रवाह, बेटांचे प्रकार, सगळं मला तोंडपाठ. फळ्यावर मी इतके समुद्र काढले की निळा खडू कॉलेजात वेगळा मागवावा लागे. प्रत्यक्षातला समुद्र मात्र मी एकदाच पाहिला होता, टॅक्सीच्या खिडकीतून, सिग्नल हिरवा होईपर्यंत.

तेव्हा हे वर्णन अधिकारी माणसाचं नाही. ज्यांनी क्रूझ केली आहे त्यांना यातलं बरंच काही बाळबोध वाटेल. ज्यांनी केली नाही, आणि जे माझ्यासारखेच "असल्या श्रीमंती तमाशात काय ठेवलंय" असं म्हणून मोकळे होतात, त्यांच्यासाठी मी लिहितो आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या आमच्या मुलीने, नेहाने, फोन करून विचारलं, "बाबा, तुम्हा दोघांना कुठे पाठवू?" मी म्हणालो, "मुर्रीत सगळं आहे." आम्ही गोंदियाच्या कडेला मुर्रीत राहतो. तिथे सगळं नाही, पण असं म्हटलं की विषय मिटतो. या वेळी मिटला नाही. माझी बायको इंदू हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "जिथं मले पोहता येईल तिथं पाठव."

माझा चहा तसाच राहिला. तो का राहिला हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आम्ही कोहळी समाजाचे. आमच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले आणि इंदूचं माहेर, सडक अर्जुनीच्या आतल्या बाजूचं गाव, अशाच एका तलावाच्या काठी आहे. तलाव म्हणजे मुख्यतः त्याची पाळ, पाणी अडवणारा मातीचा लांबलचक बांध. तिच्या माहेरी एक रीत आहे. पाळीवर रिकाम्या हाताने चढायचं नाही. अंघोळीला जा, म्हशी धुवायला जा, नुसतं फिरायला जा. खालून मातीचं एक ढेकूळ उचलायचं, वर ठेवायचं, पायाने दाबायचं. पावसाळा जेवढी माती नेतो तेवढी माणसं परत आणून ठेवतात. नवरदेव म्हणून गेलो तेव्हा माझ्याही हातात ढेकूळ दिलं होतं. दुसऱ्याच्या तलावात उतरायचं असेल तर आपल्या तलावाचं ढेकूळ घेऊन जायचं, हाही त्याच रीतीचा भाग.

या तलावात इंदू माशासारखी वाढली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही तिच्या माहेरी गेलो असताना ती सगळ्यांदेखत पाण्यात उतरली आणि मधोमध जाऊन कमळ घेऊन आली. नेमके तेव्हा आमच्या शाळेचे हेडमास्तर पाळीवरून सायकलने चालले होते. (तेव्हा मी शाळेत शिकवत होतो, कॉलेज पुढचं.) ते थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्या मिसेस उत्तम पोहतात हो." बस, एवढंच. पण मला कुणाचंही कौतुक सरळ ऐकता येत नाही. मला त्यात टोमणा दिसला. संध्याकाळी मी इंदूला म्हणालो, "आता हे बरं दिसत नाही." तिने वाद घातला नाही. मी तो माझ्या समजावून सांगण्याचा विजय मानला. त्यानंतर अडतीस वर्षं ती पाण्यात उतरली नाही, आणि मी तो विषय काढला नाही.

आता ती छप्पन्न वर्षांची होती आणि फोनवर पोहायचं म्हणत होती. नेहाने मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणारी क्रूझ बुक केली. फेब्रुवारीचा शेवट, चार रात्री. तिसऱ्या दिवशी बेटावर उतरायचं. इंदूच्या दृष्टीने ही सहल त्या एका दिवसाची होती, बाकीचे दिवस नुसते रस्त्यातले.

बंदर

बंदरावर सामान तपासणारं यंत्र असतं. आमची बॅग त्यात गेली आणि तिथेच अडकली. पडद्यासमोर बसलेल्या बाईने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डब्बे में क्या है?"

मला ठाऊक नव्हतं. इंदूने शांतपणे सांगितलं, "मिट्टी."

"मिट्टी? किसलिए?"

"तलाव की मिट्टी है," इंदू म्हणाली, जणू यात सगळं आलं.

बाईने स्टीलचा डबा उघडला. आत जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं, मुठीएवढं पिवळसर काळं ढेकूळ. निघायच्या आदल्या दिवशी इंदूचे थोरले भाऊ, गोपाळभाऊ, मोटारसायकलवर मागे बसून मुर्रीला का आले होते ते मला तेव्हा कळलं. मागे रांग वाढत होती. रांगेतली माणसं पांढऱ्या पँटी आणि गॉगल घालून आली होती. आम्ही ढेकूळ घेऊन आलो होतो. मी पुढे झालो आणि आयुष्यभर वर्गात ज्याची टर उडवली तेच केलं.

"पूजा का है," मी म्हणालो.

बाईने लगेच डबा बंद केला, कपाळाला हात लावला आणि आम्हाला पुढे सोडलं. आपल्याकडे पूजा म्हटलं की यंत्रसुद्धा मान वळवतं.

"खोटं कायले बोलले?" इंदूने आत गेल्यावर विचारलं.

"मग काय सांगायचं होतं?"

"समुद्रात उतराचं हाये, तं द्यावं लागते. सांगाचं."

जहाजाबद्दल काय सांगू? अकरा मजले. मध्यभागी काचेची लिफ्ट आणि इतकं मोठं झुंबर की त्याखाली उभं राहताना मला आमच्या ग्रामपंचायतीचा दिवा आठवला आणि त्याची दया आली. जिन्याच्या पायऱ्या आतून उजळायच्या, कशासाठी ते कळलं नाही. माणसं सगळी लिफ्टने जात होती. खोलीत पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. इंदूने त्याला हात लावला नाही. चार दिवस ती घरून आणलेल्या पंच्याने अंग पुसत राहिली आणि हत्ती उशाशी बसून राहिला.

जहाज सुटलं तेव्हा गाणी लागली, रंगीत कागद उडाले, आणि निवेदकाने आमचं "समुद्राच्या राजवाड्यात" स्वागत केलं. मी कठड्याशी उभा राहून मनात शेरे तयार करत होतो. चांगले जमत होते. मग शहर मागे सरकत गेलं, इमारती काडेपेट्यांएवढ्या झाल्या, मग रेघ, मग काहीच नाही. माझे शेरे कुठे गेले ते कळलं नाही.

पाणीच पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वरच्या डेकवर गेलो. चारी बाजूंना पाणी. क्षितिज गोल असतं हे मी शिकवत होतो. ते खरोखर गोल दिसतं हे मला माहीत नव्हतं. आपण एका प्रचंड ताटलीच्या बरोबर मध्यावर आहोत आणि कितीही पुढे गेलो तरी मध्यावरच राहतो. पाण्याचा रंग निळा नव्हता. माझ्या खडूत जो निळा होता त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. हा रंग खोल होता, जवळजवळ जांभळा, आणि त्यावर ऊन हलत होतं.  

इंदू डोळ्यांवर हात धरून लांब पाहत होती.

"अवो, याची पाळ कुठं हाये?"

"समुद्राला पाळ नसते."

"मंग एवढं पानी थांबते कसं?"

मी सांगायला सुरुवात केली. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण, सागरी खळगे, खंडांच्या कडा. ती पूर्ण ऐकून घेते, हा तिचा गुण. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमाले बी मालूम नाही."

त्याच डेकवर पोहण्याचा तलाव होता. समुद्रावरून तलाव घेऊन जाण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला मी मानतो. जहाज जरा कललं की त्यातलं पाणी एका बाजूला चढायचं आणि त्यातली माणसंही त्याबरोबर सरकायची, ताटातल्या वरणासारखी. इंदूने या दिवसासाठी गोंदियाच्या बाजारातून आयुष्यातली पहिली सलवार-कमीज घेतली होती, गडद निळी. साडीत पोहता येतं, पण बाहेर आल्यावर साडी सोडत नाही, असा तिचा अनुभव. जहाजावरची टाकी म्हणजे तलाव नव्हे, तिला ढेकूळ लागत नाही, असा तिचा निवाडा. ती पायरीवर एक पाय ठेवते तोच देखरेखीवरची मुलगी धावत आली.

"मॅडम, सूती कपड़ा अलाउड नहीं है. स्विमिंग कॉस्च्यूम चाहिए. नीचे शॉप में मिलेगा."

खालच्या दुकानात इंदूने तो कपडा दोन बोटांत धरून उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि परत ठेवला. "हे तं नातीले बी आखूड होईल," ती म्हणाली. दुकानातली मुलगी हसली, म्हणजे तिला मराठी कळत असावं.

मला वाटलं इंदू हिरमुसली असेल. पण ती परत वर येऊन तलावाच्या कडेला बसली आणि परीक्षकाच्या नजरेने पाहू लागली. "छातीएवढं पानी. हे पोहाचं नाही, तांदूळ भिजत घालाचं. उद्या बेटावर पाहू."

तांदळावरून आठवलं. जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय प्रवासवर्णन पुरं होत नाही. तिथे इतके पदार्थ मांडलेले असतात की माणूस रांगेच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीचं विसरतो. लोक ताटात समोसा, त्यावर नूडल्स, त्यावर जिलबी घेऊन जात होते. जणू उद्यापासून दुष्काळ. इंदूने भाताचं एक शीत बोटांत चुरडून पाहिलं आणि न बोलता बाजूला ठेवलं. भाताच्या जिल्ह्यातल्या बाईचं न बोलणं फार बोलकं असतं. मग आम्ही दोघांनी डेकवर बसून घरच्या तांदळाच्या चकल्या खाल्ल्या.

संध्याकाळी कप्तानाची भेट होती. लोक कोट घालून, पैठण्या नेसून तासभर थांबले. कप्तान सज्जात आला, हात हलवला, गेला. माझ्या शेजारी इंदूने विचारलं, "हा इथं हाये, तं जहाज कोन चालवून राहिला?" संपूर्ण सोहळ्यात हा एकच मुद्द्याचा प्रश्न होता.

बेट

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला इंदू निळ्या सलवार-कमीजमध्ये, मांडीवर डबा घेऊन, पलंगाच्या कडेला तयार बसली होती. सात वाजता ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. वारा वाढला आहे, जहाज बेटापासून दूर नांगरलं आहे, लहान बोटींनी जायचं की नाही हे तासाभरात कळवण्यात येईल. उतरता न आल्यास प्रवाशांसाठी तंबोल्याची खास सोय आहे.

इंदूने मांडीवरचा डबा घट्ट धरला. मी म्हणालो, "तंबोला तरी..." आणि थांबलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. वारा पडावा असं वाटत होतं, आणि पडू नये असंही. मला पोहता येत नाही. अडतीस वर्षं पाण्याबाहेर राहिलेली, गुडघे दुखणारी बाई समुद्रात शिरणार आणि मी काठावर उभा राहणार, हे चित्र मला रात्रभर झोपू देत नव्हतं. आणि वाऱ्यामुळे राहिलं असतं तर दोष वाऱ्याचा झाला असता. मागच्या वेळी तो माझा होता.

"इंदू," मी विचारलं, "तुला जमेल का अजून?"

"मले काय मालूम? पान्यात गेल्याशिवाय कसं समजंल?"

आठ वाजता वारा थोडा उतरला. बोटी आल्या.

आमची बोट चालवणाऱ्याचं नाव कोया. साठीच्या आतबाहेरचा, दाढी पांढरी, लुंगी गुडघ्यावर खोचलेली. वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढल्यामुळे त्याला आपल्यासारखंच मोडकं हिंदी येत होतं. चढतानाच त्याने सगळ्या प्रवाशांना बजावलं की बेट वस्तीचं आहे, किनाऱ्यावर अंगभर कपडे लागतील, पाण्यातसुद्धा. गॉगलवाल्या मंडळींनी कुरकुर केली. इंदूने माझ्याकडे पाहिलं. जहाजावर जो कपडा चालत नव्हता त्याच्याशिवाय इथे चालत नव्हतं.

उघड्या समुद्रात बोट वर जायची, खाली पडायची. इंदूने एका हाताने माझा दंड धरला होता, दुसऱ्याने डबा. मग समोर एक पांढरी रेघ दिसू लागली. लाटा आडव्या रांगेत, बेटाच्या कितीतरी अलीकडे, कशावर तरी आपटून फुटत होत्या. रेघ डावीकडे नजर पोचेपर्यंत, उजवीकडेही तशीच, किंचित बाक घेत गेलेली. कोयाने बोट एका फटीकडे वळवली. क्षणभर दोन्ही बाजूंना पाणी गरजलं आणि आम्ही आत आलो.

आत आल्यावर आवाजच बंद झाला. बोटीचं डोलणं थांबलं. पाणी हिरवं, फिकट, काचेसारखं, आणि पुढे नारळांची कड. मागे वळून पाहिलं तर तो सगळा जांभळा समुद्र त्या पांढऱ्या रेघेबाहेर उभा होता, आत यायला मिळत नसल्यासारखा.

इंदू बोटीत उभी राहिली.

"अवो!" ती ओरडली. "पाळ! पाळ हाये! हा तं तलाव हाये!"

 कंकणाकृती प्रवाळद्वीप. आतलं उथळ पाणी, भोवती प्रवाळाचा कठडा, कठड्याला खिंड. पाच गुणांचा प्रश्न, आकृतीसह. चौतीस वर्षं मी फळ्यावर दोन वर्तुळं काढली, मधल्या जागेत निळा खडू फिरवला. बाहेरचं वर्तुळ म्हणजे पाळ आहे, हे मला एकदाही सुचलं नाही. एका तलाववाल्याची मुलगी ते फटीतून आत येता येता सांगून मोकळी झाली.

"कोन बांधली जी एवढी मोठी पाळ?" तिने कोयाला विचारलं. मग हिंदीत, "किसने बांधा?"

"किसी ने नहीं, अम्मा. छोटा कीड़ा है. मूँगा." कोयाने करंगळीचं टोक अंगठ्याने दाबून किती छोटा ते दाखवलं. "वो अपना घर बनाता है. मरता है. उसके ऊपर दूसरा बनाता है. ऐसा, ऐसा, ऐसा. हमारा बाप का बाप का बाप से पहले का."

इंदू खाली बसली. बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक-एक ढेकूळ."

तिने डबा उघडला, फडकं सोडलं आणि ते ढेकूळ दोन्ही हातांत घेऊन बोटीच्या काठावरून वाकली. पाळ सापडली होती. आता ठेवायचं राहिलं होतं. कोयाने सुकाणू सोडून तिचं मनगट धरलं.

"नहीं, अम्मा! मिट्टी नहीं! मिट्टी गिरेगा तो मूँगा मरेगा. साँस बंद."

बोटीतले सगळे पाहू लागले. मला वाटलं, झालं. एवढ्या लांब आणलेलं ढेकूळ, सांभाळलेली रीत, आणि परक्या माणसाने भर बोटीत हात धरला. पण इंदूचा चेहरा उतरला नाही. ती मान हलवत होती.

"गाळ," ती मला म्हणाली. "बराबर हाये त्याचं. आपल्याकडं बी गाळानंच तलाव मरते." मग ढेकूळ परत फडक्यात ठेवलं, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज बदलला. "मंग आता मी उतरू कशी?"

हा प्रश्न गमतीचा नव्हता. मी तिला ओळखतो. दिल्याशिवाय ती उतरणार नव्हती. गुडघाभर पाण्यात उभी राहून परत आली असती आणि छान झालं म्हणाली असती. आयुष्यभर तिने अशा अनेक गोष्टींना छान झालं म्हटलं आहे.

मग मी कोयाला समजावू लागलो. माझं हिंदी गोंदियाचं, त्याचं जहाजावरचं. पाळ म्हणजे काय, ढेकूळ का, रिकाम्या हाताने का नाही. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ही रीत मी पहिल्यांदाच कुणाला गंभीरपणे सांगतो आहे. स्टाफरूममध्ये मी ती विनोद म्हणून सांगत असे. कोया सुकाणूवर हात ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हमारा घर में दे दो. मिट्टी हमको चाहिए."

त्याचं घर किनाऱ्याला लागूनच होतं. दारासमोर रंगाच्या रिकाम्या डब्यांची रांग, त्यांत मिरची, कढीपत्ता, एक कोवळा शेवगा. बेटावर सगळी पांढरी वाळू. कुंडीपुरती माती लागली तरी ती बोटीने मागवावी लागते, असं त्याने सांगितलं. त्याची बायको बाहेर आली. डोक्यावर ओढणी, हात ओले. तिने ढेकूळ घेतलं, नाकाशी नेलं, बोटांनी एक कोपरा फोडून पाहिला आणि इंदूकडे पाहून मान डोलावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. माती चांगली आहे हे सांगायला भाषा लागलीही नाही. कढीपत्त्याच्या डब्यात तिने ते चुरून घातलं, आणि इंदूने सवयीने वरून दाबलं, फक्त पायाऐवजी हाताने.

"अब जाओ, अम्मा," कोया म्हणाला. "अब किसी को पूछना नहीं."

पाण्यात

इंदूने चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. "धरा," एवढंच म्हणाली.

ती घोट्यापर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. ओंजळीने पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि हसली. खारट असतं हे माहीत असूनही तिला खात्री करायची होती. मग ती पुढे झुकली आणि दिसेनाशी झाली.

मी बूट घातलेलेच होते. किती पुढे गेलो ते कळलं नाही. भानावर आलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं आणि चष्मा धरलेली मूठ मी डोक्यावर नेली होती. ती वर आली, खोकली, दोन हात मारले, पुन्हा बुडाली. "इंदू!" मी ओरडलो. किनाऱ्यावर बसलेला कोया उठला नाही. "शांति रखो, सर," तो म्हणाला. "वो याद कर रहा है."

आणि तिला आठवलं. आधी उजवा हात, मग डावा. डोकं पाण्यावर ताठ, तलावातल्या बायकांसारखं. मागे पायांचा एकसारखा छोटा फेस. कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत असं ते पोहणं. ती लांब गेली. निळी कमीज हिरव्यात काळपट दिसू लागली, मग नुसतं डोकं, नारळाएवढं. तिच्यापलीकडे ती पांढरी रेघ उसळत होती आणि रेघेपलीकडे अख्खा अरबी समुद्र होता. मधे ती निवांत उताणी पडून आभाळाकडे पाहत होती. तिच्यापासून वीसेक हातांवर एका कासवाने डोकं बाहेर काढलं, श्वास घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या कामाला निघून गेलं.

मी देवधर्माचा माणूस नाही. मोठ्या शब्दांचाही नाही. पण त्या पाण्यात उभा असताना मला जे वाटलं त्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता, आणि शेराही नव्हता. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडून काय काढून घेतलं होतं ते मला मापात दिसत होतं, या रेघेपासून त्या काठापर्यंत.

अर्ध्या तासाने ती परत आली. ओठ पांढरे, डोळे लाल, श्वास लागलेला. वाळूत बसून तिने आधी श्वास गोळा केला.

"तळ दिसते जी," ती म्हणाली. "खाली सारंच दिसते. मासे, झाडं, दगड, गावच्या गाव. आपल्या तलावात कधी तळ नाही दिसला. एवढी वर्सं कशावर पोहत होती, आज पाहिलं."

मी तिच्या शेजारी बसलो. बुटांतून पाणी निघत होतं. "इंदू, त्या दिवाळीत मी जे बोललो..."

"हेडमास्तर थांबले होते, तवाचं?"

"तुला आठवतं?"

"नाही आठवाले काय झालं?" तिने केस पिळले. "त्या बिचाऱ्याच्या सायकलची चेन उतरली होती. म्हून थांबला. अन् थांबला तं चांगलं बोलला."

"मी चुकलो."

"हव," ती म्हणाली. "मी वाट पाहून राहिली होती, तुमी कधी बोलता म्हून. अडतीस वर्सं लागली. जहाज बरं तुमच्यापेक्षा." मग हात पुढे केला. "चष्मा द्या. कोयाभाऊच्या घरी मासोळी शिजून राहिली, वास येते."

ट्युना, नारळ, भात. भात तिने दोनदा घेतला.

परत

परतीच्या दोन दिवसांत जहाजावर काय काय झालं ते मी गाळतो. एक जादूगार होता, एवढं पुरे. हत्ती शेवटपर्यंत मोडला नाही. निघताना इंदूने त्याला नीट उशीला टेकवून ठेवलं.

घरी आल्यावर चार दिवसांनी आम्ही तिच्या माहेरी गेलो. गोपाळभाऊ पाळीच्या खाली कडुलिंबाजवळ बसले होते. नजर कमी, कान पक्के. त्यांनी विचारलं, "काय वं, समुद्राची पाळ कशाची हाये?"

"किड्यायची," इंदू म्हणाली. "करंगळीच्या टोकाहून लहान. एकावर एक."

भाऊंनी विचार केला. "मजबूत हाये?"

"समुद्र अडवते, दादा."

"मंग त्यायचं काम आपल्याहून चांगलं हाये," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुणालाही मिळालेलं मला माहीत नाही.

इंदू पाळीकडे निघाली. मी खाली वाकलो आणि ढेकूळ उचललं, कुणी हातात न देता. वर ठेवलं, पायाने दाबलं. उन्हाळी धानाला पाणी सोडलेलं असल्यामुळे तलाव थोडा उतरला होता, पण मध्यावर अजून खोल होता. इंदूने चष्मा माझ्या हातात दिला आणि निळ्या सलवार-कमीजमध्ये पाण्यात शिरली. काठावर म्हशी होत्या, पलीकडे धुणाऱ्या दोन बाया. त्यांनी मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा धुऊ लागल्या.

पाळीवरून मोटारसायकल आली आणि थांबली. गावातला एक शेतकरी, माझा जुना विद्यार्थी. इंजिन बंद करून तो पाण्याकडे पाहत राहिला.

"सर, काकू पोहून राहिल्या का जी?"

"हव," मी म्हणालो. "उत्तम पोहते."

"अन् तुमी?"

मी मूठ उघडून दाखवली.

"मी चष्मा धरून राहिलो."